अपह्नुती आणि स्वभावोक्ती : पाणथळ जागांच्या बचावाची भाषा

१

पाणथळ जागेविषयीचा वाद हा वरवर पाहता जमिनीच्या वापराचा वाद असतो. ती भरावी की राखावी, तिच्यावर इमारती उभ्या राहाव्यात की पक्षी उतरावेत, अशा रूपात तो आपल्यासमोर येतो. परंतु या वादातील अर्ज, हरकती, याचिका, अधिसूचना आणि निकालपत्रे वाचू लागले की ध्यानात येते, की भरावाची पहिली गाडी रिकामी होण्याच्या पुष्कळ आधी त्या जागेला एक नाव पडलेले असते. महसुली दफ्तरात ती 'पोटखराबा' किंवा 'पडीक' असते, बांधकामाच्या जाहिरातीत 'मोकळी जमीन' असते, वृत्तपत्रात 'डासांचे आगर' असते. एकदा नाव ठरले की पुढील कृती त्या नावातून तर्कशुद्धपणे निघत जातात. पडीक जमीन वापरात आणणे हे मग सत्कृत्यच ठरते. म्हणूनच अशा जागेच्या बचावासाठी लिहिणाऱ्याचे पहिले काम नामांतराचे असते. आणि नामांतर हा भाषेतील, म्हणजेच समीक्षेच्या अधिकारक्षेत्रातील व्यवहार आहे.

मराठी समीक्षेला या व्यवहाराकडे बाहेरून पाहता येईल, असे मात्र नाही. आपली मूल्यवाचक परिभाषाच मोठ्या प्रमाणात पाण्यावर बेतलेली आहे. निवेदन 'प्रवाही' असले की ती प्रशंसा असते. साहित्याला 'मुख्य प्रवाह' असतो. शैली 'नितळ' असते. याउलट एखाद्या कालखंडाला नाव ठेवायचे झाले की 'साचलेपण' हा शब्द हाताशी असतो. संकुचित अभिरुचीचे 'डबके' होते, राजकारणाची 'दलदल' होते, लेखक पूर्वसूरींच्या अनुकरणात 'रुततो'. या शब्दयोजनेमागे दोन मूल्यश्रेणी आहेत. वाहते पाणी जिवंत आणि थांबलेले पाणी मृत, ही एक. निर्मळ पाणी श्रेष्ठ आणि गढूळ पाणी हीन, ही दुसरी. पाणथळ जागेचे पाणी बहुधा थांबलेले असते आणि गढूळही असते. म्हणजे तिच्याविषयी एक शब्दही न लिहिता आपल्या भाषेने तिच्याविरुद्ध निकाल दिलेला असतो.

हा निकाल फिरवण्याचे प्रयत्न ज्या लेखनातून झाले, त्यांतील दोन संहितांचा विचार येथे करावयाचा आहे. एक आहे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९४७ साली निघालेला ग्रंथ, दुसरी कलकत्ता उच्च न्यायालयातील १९९२ ची याचिका व तीवरील निकाल. या दोहोंच्या रीती भिन्न आहेत, आणि तो भेद सांगण्यासाठी आपल्या अलंकारशास्त्रातील दोन संज्ञा उपयोगी पडतात : अपह्नुती आणि स्वभावोक्ती.

२

मार्जरी स्टोनमन डग्लस (१८९०–१९९८) यांच्या 'द एव्हरग्लेड्स : रिव्हर ऑफ ग्रास' या ग्रंथाच्या शीर्षकातच त्याचे प्रतिपादन सामावलेले आहे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील हा विस्तीर्ण प्रदेश एकोणिसाव्या शतकापासून 'दलदल' म्हणून ओळखला जात होता. १८५० च्या अमेरिकन कायद्याने दलदलीच्या जमिनी राज्यांच्या स्वाधीन केल्या, त्या पाणी काढून शेतीयोग्य करण्याच्या हेतूने. १९०५ ते १९०९ या काळात राज्याचे गव्हर्नर असलेल्या नेपोलियन बोनापार्ट ब्रोवर्ड यांनी तर एव्हरग्लेड्स कोरडे करण्याच्या आश्वासनावरच निवडणूक जिंकली होती. डग्लस यांचे वडील मायामीतील वृत्तपत्राचे संपादक होते, आणि त्यांनी अग्रलेखांतून या योजनेला विरोध केला होता. तरीही कालवे खणले जातच होते.

डग्लस यांच्या ग्रंथाने या प्रदेशाला दलदल म्हणण्याचे नाकारले आणि नदी म्हटले. प्रकृताचा निषेध करून अप्रकृताची स्थापना करणे हे अपह्नुतीचे लक्षण आहे. 'हे मुख नव्हे, चंद्र आहे' असे म्हणणारा कवी मुखाचे मुखपण मनातून नाकारीत नसतो. त्याला सौंदर्याची एक प्रतवारी सांगायची असते. डग्लस यांच्या अपह्नुतीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातील निषेध खरा आहे. ओकीचोबी सरोवराच्या दक्षिण काठावरून ओसंडणारे पाणी सुमारे ८० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून, डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या मंद गतीने फ्लोरिडाच्या उपसागराकडे सरकते. ते थांबलेले दिसते, पण थांबलेले नसते. गॅरल्ड पार्कर या जलशास्त्रज्ञाशी झालेल्या चर्चेतून ही गोष्ट त्यांना उमगली, आणि 'गवताची नदी' असे म्हणता येईल का, हे त्यांनी त्यालाच विचारून घेतले. येथे रूपक कवीच्या मनात जन्मून शास्त्राकडे गेलेले नाही. शास्त्राच्या अनुमतीने ते सिद्ध झाले आहे.

पॉल रिकर यांनी रूपकाविषयी असे प्रतिपादन केले आहे, की त्यातील क्रियापद एकाच वेळी 'आहे' आणि 'नाही' असे दोन्ही सांगते. डग्लस यांच्या शीर्षकाला हे नेमके लागू पडते. काठ नसलेली नदी ही रूढ अर्थाने नदी नव्हे, आणि ज्या वनस्पतीला तेथे गवत म्हटले जाते ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत नसून लव्हाळ्याच्या कुळातली आहे. अक्षरार्थाने पाहता दोन्ही पदे सदोष आहेत, तरी त्यांच्या संयोगातून निघणारे विधान सत्य आहे. ते विधान असे : हे पाणी वरून खाली जाते, म्हणून वरच्या बाजूला केलेला हस्तक्षेप खाली भोगावा लागेल. दलदल या शब्दातून असा कार्यकारणभाव निघत नाही. दलदलीचा एक तुकडा भरला तर उरलेली दलदल लहान होते, एवढेच. नदीचा एक तुकडा मात्र भरता येत नाही, नदी अडते.

तथापि या नामांतराला मोजावी लागलेली किंमतही समीक्षकाने नोंदवली पाहिजे. हा ग्रंथ अमेरिकेतील नद्यांवरील एका ग्रंथमालेसाठी लिहिला गेला होता. संपादकाला मायामी नदीवर पुस्तक हवे होते. लेखिकेने त्याऐवजी एव्हरग्लेड्सचा प्रस्ताव ठेवला. म्हणजे 'नदी' ही मालेची, पर्यायाने वाचकवर्गाच्या अभिरुचीचीही अट होती. ज्याला वाहत्या पाण्याचाच आदर आहे अशा वाचकापुढे थांबलेले पाणी वाहते असल्याचे सिद्ध करून त्याचा आदर मिळवला गेला. पूर्वग्रह मोडला गेला नाही, तो उपयोगात आणला गेला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सेमिनोल लोकांच्या भाषेत या प्रदेशाला जे नाव आहे, त्याचा अर्थ 'गवताळ पाणी' असाच सांगितला जातो. इंग्रजी वाचकाला जे धाडसी रूपक वाटले, ते तेथे राहणाऱ्यांचे साधे वर्णन होते. एका भाषेतील स्वभावोक्ती दुसऱ्या भाषेत जाताना अपह्नुती होते, हा मुद्दा पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ग्रंथाच्या परिणामाविषयी भाबडेपणा नको. नोव्हेंबर १९४७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि डिसेंबरात एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले; परंतु त्याच वर्षीच्या पुरांनंतर, १९४८ साली, अमेरिकन काँग्रेसने बांध व कालव्यांच्या प्रचंड योजनेला मंजुरी दिली. रूपक लोकप्रिय झाले आणि कालवेही झाले. पुढे १९६९ मध्ये बिग सायप्रस भागात सुमारे १०० चौरस किलोमीटरचे विमानतळ उभारण्याचे काम सुरू असताना ऐंशीच्या घरात पोचलेल्या डग्लस यांनी 'फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स' ही संस्था स्थापन केली. १९७० मध्ये ते काम थांबले. एक धावपट्टी तेवढी राहिली. १९४७ च्या शब्दाला कृतीत उतरण्यासाठी दोन तपे लागली, आणि मधल्या काळात त्या शब्दाने एवढेच केले, की आंदोलनाला गरज पडली तेव्हा ते तयार होते. पुढे २०२५ साली त्याच धावपट्टीच्या जागी स्थलांतरितांसाठी स्थानबद्धता केंद्र उभारले गेले, तेव्हा न्यायालयात गेलेल्यांत ही संस्था होती, आणि तेथील मिकोसुकी जमातही त्या दाव्यात सामील झाली. ज्यांच्या वर्णनातून आधीच हे पाणी ओळखले जात होते अशा लोकांचा आवाज आता प्रतिमेतून नव्हे, वादी म्हणून येतो आहे.

३

एव्हरग्लेड्सचे पाणी खरोखर वाहत होते, म्हणून अपह्नुती साधली. ज्या पाण्याचे सारे गुण त्याच्या थांबण्यातच आहेत त्याचा कैवार कसा घ्यावा? कलकत्त्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशाने हा प्रश्न उभा केला.

कलकत्त्याच्या जमिनीचा उतार हुगळीपासून दूर, पूर्वेकडे आहे. शहराचे सांडपाणी त्याच दिशेला जाते. विद्याधरी नदी गाळाने मरत गेली, खाऱ्या पाण्याचे ओघ आटले, आणि १९३० च्या सुमारास तेथील मत्स्यव्यावसायिकांनी सांडपाण्यावर मासे वाढवण्याची पद्धत बसवली. तेथील तळ्यांना 'भेरी' म्हणतात. ती उथळ असतात. सांडपाणी त्यांत घेऊन काही दिवस स्थिर ठेवले जाते. उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोचते, शेवाळ वाढते, शेवाळातून प्राणवायू सुटतो, जिवाणू मैला विघटित करतात, आणि त्यातून वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांवर मासे पोसले जातात. शेजारी धापा येथे शहराच्या कचऱ्यावर भाजीपाला पिकतो. 'शेवाळलेले' आणि 'साचलेले' ही आपल्याकडील निंदावाचक विशेषणे येथे शब्दशः खरी आहेत, आणि तेच या व्यवस्थेचे मर्म आहे. पाणी वाहून गेले तर येथे काहीच घडणार नाही.

या प्रदेशाचा उत्तरेकडील मोठा भाग १९६० च्या दशकात सॉल्ट लेक उपनगरासाठी भरला गेला. उरलेल्याचे महत्त्व ओळखले ते राज्य शासनाच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष (निधन २०१८) यांनी. शहर सांडपाण्याचे काय करते, या शोधात ते या तळ्यांपाशी पोचले आणि १९८० च्या दशकात त्यांनी या प्रदेशाचे नकाशे व वर्णने तयार केली. निसर्गाच्या या फुकट सेवेमुळे कलकत्ता हे पर्यावरणाचे अनुदान लाभलेले शहर आहे, अशी त्यांची मांडणी होती. नव्या बांधकामांसाठी आणखी जमीन घेण्याचे घाटू लागले, तेव्हा 'पीपल युनायटेड फॉर बेटर लिव्हिंग इन कॅलकटा' ही नागरिकांची संस्था उच्च न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी या क्षेत्राचे स्वरूप बदलण्यास प्रतिबंध करणारा निकाल दिला. पुढे २००२ मध्ये १२,५०० हेक्टरांचे हे क्षेत्र रामसर यादीत गेले, आणि २००६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

या साऱ्या लेखनाची रीत स्वभावोक्तीची आहे. वस्तू जशी आहे तशी, तिच्या क्रियांसह सांगणे, एवढेच स्वभावोक्ती करते. कुंतकाने तिला अलंकार मानण्यास नकार दिला, कारण वस्तूचा स्वभाव हा अलंकार्य आहे, त्यालाच अलंकार कसे म्हणावे, असा त्याचा आक्षेप. दंडीने मात्र तिला पहिले स्थान दिले, आणि शास्त्रग्रंथांत तिचेच साम्राज्य असते व काव्यातही ती इष्ट असते, असे सांगितले. दंडीचे हे मत येथे नव्याने अर्थपूर्ण होते. पाणी कोठून येते, किती दिवस राहते, कोण दार उघडते, मासळी कोठे जाते हे क्रमाने सांगितले, की 'पडीक' हे नाव आपोआप गळून पडते. त्यासाठी दुसरे नाव शोधावे लागत नाही. वर्णन हाच युक्तिवाद होतो.

परंतु स्वभावोक्तीही पुरती निरागस नसते. या प्रदेशाला 'शहराची मूत्रपिंडे' म्हणण्याचा प्रघात पडला. हे रूपक परिणामकारक आहे, कारण ते मैल्याची किळस दूर करून त्या जागी देहाची आत्मीयता आणते. पण मूत्रपिंडाला कामगार लागत नाहीत. भेरीला लागतात. गाळ काढावा लागतो, बांध लाटांनी खचू नयेत म्हणून कडेला जलपर्णीची किनार राखावी लागते, पाणी केव्हा घ्यावे आणि केव्हा अडवावे हे रंगावरून व वासावरून ठरवावे लागते. हे ज्ञान मच्छीमारांचे आहे. अवयवाच्या रूपकात श्रम अदृश्य होतात, आणि श्रम अदृश्य झाले की तेच काम यंत्र करील असे म्हणणे सोपे जाते. शुद्धीकरण केंद्र उभारले म्हणजे तळी भरायला हरकत काय, हा प्रश्न त्या रूपकाच्या पोटातूनच निघतो. कायदा असूनही भराव पूर्णपणे थांबलेला नाही, या वस्तुस्थितीचे एक कारण जमिनीच्या किमतीत आहे, हे खरे. परंतु दुसरे कारण, जागा जपताना तिथल्या कामाचे वर्णन अर्धवट राहिले, हेही असावे.

४

कलकत्त्याच्या उदाहरणातून जो प्रश्न निघतो तो साऱ्या देशाच्या कायद्यालाही भिडतो. १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या व्यापक आहे : नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी, स्थिर वा वाहते, गोडे, मचूळ वा खारे, असे सर्व पाणी तिच्यात येते. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू घेऊन विरोधयुग्म निकालात काढणारी ही वाक्यरचना आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहाच्या आधारे नोंदलेल्या, २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या केंद्रीय नियमांनी मात्र रामसरचीच व्याख्या घेऊन तिच्यातून नदीपात्रे, भातखाचरे, आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यसंवर्धन, मीठ उत्पादन वा मनोरंजन यांसाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळले. एक विरोधयुग्म मागच्या दाराने परत आले : निसर्ग आणि मानव.

हे विरोधयुग्म कायद्याने निर्माण केलेले नाही. माणसाचा हात न लागलेला तोच निसर्ग, ही स्वच्छंदतावादी कल्पना आपल्या निसर्गवर्णनांतही खोलवर मुरली आहे. वस्तुस्थिती मात्र तिला दाद देत नाही. महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून २०२० मध्ये मान्यता पावलेले नांदूर मधमेश्वर हे गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झाले आहे. स्थापत्याच्या भाषेत गाळ साचणे हे बंधाऱ्याचे अपयश. पक्ष्यांच्या दृष्टीने त्याच साचण्यातून पाणथळ जन्मली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या अरण्यलेखनाला ज्या नवेगावबांधने एवढे दिले, तो तलावही कोहळी समाजाने बांधलेला. गोव्यातील खाजणे तर बांध आणि 'मानस' नावाची दारे यांच्या साहाय्याने भरती-ओहोटीशी केलेला करारच आहे. तेथे भात आणि मासळी एकाच जमिनीत येतात. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाजणांची वेगळी दखल घेतली, पण पाणथळविषयक नियमांच्या चौकटीत भातखाचर आणि मत्स्यसंवर्धन दोन्ही वगळलेले आहेत. नवी मुंबई आणि उरणच्या पट्ट्यात वाद होतो तोही बहुधा याच शब्दावर : भरतीचे पाणी सामावण्यासाठी ठेवलेली जागा ही पाणथळ की केवळ धारणतलाव? फ्लेमिंगोला हा भेद माहीत नसतो. न्यायालयाला तो माहीत असावा लागतो, आणि तो भाषेनेच पुरवलेला असतो.

दुसऱ्या मूल्यश्रेणीचा, म्हणजे निर्मळपणाचा, विचार मराठीत तर अधिक सावधपणे करावा लागेल. पाण्याच्या बचावाची आपली भाषा 'पावन', 'पवित्र', 'निष्कलंक' अशा विशेषणांकडे सहज वळते. परंतु मराठी समाजाच्या आधुनिक इतिहासातील पाण्यासाठीचा सर्वांत मोठा संघर्ष एका तळ्यावर झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. त्या दिवसानंतर मराठीत 'शुद्ध पाणी' हा शब्दप्रयोग निरपराध राहिलेला नाही. पाणथळीच्या बचावासाठी पावित्र्याची भाषा वापरणारा लेखक, पाणी कोणी स्पर्शिले या प्रश्नाला नकळत पुन्हा जागा करून देतो. त्या भाषेत भेरीत उतरणाऱ्या मच्छीमाराला, मिठागरातल्या मजुराला, खाजणातल्या शेतकऱ्याला स्थान नसते. असलेच तर ते अतिक्रमण करणाऱ्याचे असते. विकासाच्या आराखड्यातून जो माणूस वगळला जातो तोच संरक्षणाच्या आराखड्यातूनही वगळला जावा, हा योगायोग नव्हे. दोन्ही आराखड्यांना ती जागा रिकामी हवी असते.

५

यावर असा आक्षेप घेता येईल, की अर्ज आणि याचिका हे वाङ्मय नव्हे, आणि त्यांची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम नाही. हा आक्षेप वाङ्मयाच्या व्याख्येपुरता मान्य केला तरी प्रश्न सुटत नाही. कारण ज्या शब्दांनी हे अर्ज फेटाळले जातात ते शब्द वाङ्मयीन संस्कारांतूनही आलेले असतात. साचलेपणाला सतत दोष म्हणणारी आणि प्रवाहीपणाला सतत गुण म्हणणारी समीक्षा त्या संस्कारांची भागीदार आहे. आपली परिभाषा बदलावी असा याचा अर्थ नाही. रूपके फर्मान काढून बदलत नसतात. पण ती वापरताना त्यांचा मूळ पदार्थ डोळ्यांसमोर असावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

'हरकत' हा लेखनप्रकार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. मोठ्या प्रकल्पांसाठी १९९७ पासून जनसुनावणीची तरतूद आहे. या निमित्ताने गावोगावचे लोक जे लिहितात वा बोलतात त्यात अलंकार बेताचेच असतात. कोणत्या महिन्यात पाणी चढते, कोणत्या बांधावरून वाट जाते, कोणती मासळी केव्हा मिळते, भराव पडल्यापासून पुराचे पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत आले, असा त्याचा आशय असतो. शासकीय टिप्पणीत या मजकुराचे रूपांतर 'स्थानिकांचा भावनिक विरोध' या तीन शब्दांत होते. हे रूपांतर हीच एक वाङ्मयीन घटना आहे : स्वभावोक्तीला भावोक्ती ठरवून तिचे प्रामाण्य काढून घेतले जाते. जे विधान होते त्याचा उद्गार केला जातो. उद्गाराची सहानुभूतीने दखल घेतली जाते, पण त्याचे खंडन करावे लागत नाही.

डग्लस यांच्या अपह्नुतीने आणि घोष यांच्या स्वभावोक्तीने, आपापल्या मर्यादांसह, एक गोष्ट सिद्ध केली. पाणथळ जागेचे सौंदर्य सांगून ती वाचत नाही. तिथे काय चालले आहे आणि ते कोण चालवते आहे, हे खंडन करावे लागेल इतक्या नेमकेपणाने सांगावे लागते. असे सांगणे तेथील रहिवाशांच्या भाषेत बहुधा आधीच घडलेले असते. ते विधान म्हणून वाचणे, आणि त्याचा उद्गार होऊ न देणे, हे वाचनाचे काम आहे. समीक्षेला तेवढे करता येण्यासारखे आहे.